ढोलवालीचे कार्ड

सुरुवात क्षमा मागूनच करायला हवी. माझी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची नोंद करण्याची. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षे मी पुस्तकाचे पहिले पान उघडून लेखक, विषय आणि पृष्ठसंख्या टिपत आले आहे. लेखकाच्या रकान्यात आपले नाव यावे, असे धाडस मला कधी झाले नाही. आजही ते नाव मी बाहेरच ठेवले आहे. पन्नाशीत लिहू लागणाऱ्या व्यक्तीने निदान काही मोठे सांगावे, अशी अपेक्षा रास्त आहे. मला मात्र सांगायचे आहे ते एका खेळाविषयी, चार प्रौढ बायकांनी रविवारच्या दुपारी टेबलाभोवती बसून खेळलेल्या. वाचकाने त्यासाठी वेळ द्यावा की नाही, हे मी ठरवू शकत नाही. परंतु उद्या रविवार आहे, उद्या मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, आणि आधी लिहून काढल्याखेरीज मी आयुष्यात कशाचेच उत्तर दिलेले नाही.

आम्ही चौघी परळच्या एका मराठी शाळेत पुढच्या-मागच्या बाकांवर बसणाऱ्या. पुढे लग्नांनी, नोकऱ्यांनी आणि चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींनी आम्हाला पांगवले. फोनवर आमचा एक गट आहे. त्यात कोणी तरी थट्टेने एकमेकींची नावे काढून राहण्याची ठिकाणे घातली, आणि तीच नावे रूढ झाली. गिरगाव म्हणजे खोताच्या वाडीत सून म्हणून गेलेली, घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेणारी आणि सर्वांच्या वाटचे बोलणारी. दादर म्हणजे शाळेत गणित शिकवणारी, स्वभावाने मितभाषी. माटुंगा विमा कंपनीत अधिकारी आहे. लोकांचे दावे तपासून मंजूर-नामंजूर करणे हे तिचे काम. आणि मी लालबाग, जिथल्या तिथे राहिलेली.

या तिघींपैकी माटुंगाशी माझी मैत्री सर्वांत जुनी. दुसरीपासूनची. मला चारचौघांत बोलता येत नसे, तेव्हा माझ्या वतीने बाईंना प्रश्न तीच विचारायची.

खेळ आमच्याकडे आला तो गिरगावच्या मुलीमुळे. ती शिकायला परदेशी गेली आणि तिच्या कपाटात एक जाड पुस्तक आणि सात फाशांची मखमली पिशवी राहिली. गिरगावने फोटो पाठवला. "पोरगी म्हणते टाकू नको. मग आपणच खेळू या की. नाहीतर भेटून काय करतो, गुडघे कोणाचे जास्त दुखतात तेच!"

पुस्तक माझ्याकडे आले, कारण ते पूर्ण वाचण्याचा धीर दुसऱ्या कोणाला नव्हता. खेळ समजायला सोपा आहे. एक जण गोष्ट रचते: गाव, तिथली माणसे, तिथले संकट. बाकीच्या त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. एखादी गोष्ट साधेल की नाही याचा भरवसा नसेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला की साधली. गोष्ट रचणारीला आम्ही सूत्रधार म्हणू लागलो. तिने जगाच्या वतीने बोलायचे असते. वारा, दरोडेखोर, दुकानदार, देव, सगळ्यांच्या वतीने.

"सूत्रधार तूच," माटुंगा म्हणाली.

"मला बोलायला जमत नाही, माहीत आहे ना तुला."

"म्हणूनच तू. पन्नास वर्षं तोंड शिवून बसलीयस. आता जरा जगाच्या नावावर बोल."

मी तयारीला लागले, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तयारीत बुडून गेले. ग्रंथालय संगणकावर गेले तेव्हा जुनी तालिका-कार्डे रद्दीत निघाली होती. खाली भोक असलेली, जाड, पिवळसर. मी दोन खोके घरी आणून ठेवले होते. त्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर मी कोकणातले एक गाव वसवले. त्या गावातल्या विहिरींचे पाणी एकाएकी खारट झाले आहे, हे संकट. प्रत्येक माणसाचे एक कार्ड: नाव, काम, घर कुठे, स्वभाव, देवळातला मान. आजोबा आमच्या गावाविषयी जे सांगत, ते मला तोंडपाठ होते. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोण वाढवणार, कोणाचे घर देवळाच्या कोणत्या बाजूला. मी ते सगळे मनापासून नोंदले. नोंद अचूक असली की माझे समाधान होते.

मग तिघींना विचारले, तुम्ही कोण होणार? गिरगाव म्हणाली तांडेलीण, स्वतःची होडी हाकणारी. दादर म्हणाली वैदू, रानातली औषधे ओळखणारी. माटुंगाने क्षणाचाही विलंब लावला नाही.

"ढोलवाली. लहानपणापासून लालबागच्या मिरवणुका बघितल्या, पण पोरीच्या हातात टिपरू कोणी दिलं नाही. मला ढोल पाहिजे. मोठा."

त्या रात्री मी ढोलवालीचे कार्ड लिहिले. काम: ढोल वाजवणे. स्वभाव: निर्भय. घर: गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. देवळातला मान: पालखीपुढे, पायरीपर्यंत.

माझा हात अडखळला नाही. आजोबांच्या गावात वाजवणाऱ्यांची घरे ओढ्यापलीकडेच होती. मी ते जसेच्या तसे उतरवले आणि खोक्यात योग्य अक्षराखाली ठेवून दिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, जी आम्ही चौघींनी इतक्या वर्षांत कधी मोठ्याने उच्चारली नव्हती. आम्ही तिघी कोकणातल्या, गावच्या देवळात काही ना काही मान असलेल्या घरांतल्या. माटुंगा बौद्ध. तिचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, माझे त्याच खात्यात. शाळा एक, बाक एक. मला वाटत असे की हे उच्चारण्याची गरज नसणे, हीच आमच्या मैत्रीची थोरवी.

सात रविवार खेळ उत्तम चालला. खोताच्या वाडीतल्या घराच्या लाकडी व्हरांड्यात दुपारी तीनला आम्ही बसत असू. सुरुवातीला गिरगाव हात जोडून गाऱ्हाणे घाली, गावी देवापुढे घालतात तसेच.

"बा देवा म्हाराजा, ह्यो चार बायको आज खेळूक बसल्यो हत. तेंचो फासो सरळ पडूंदे, घराकडसून कोणाचो फोन येव नको दे, आणि माका एकदा तरी वीस पडूंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि दादर म्हणत असू. माटुंगा हसून फासे मांडत असे. ती कधीच 'व्हय म्हाराजा' म्हणत नव्हती, हे मी पाहिले होते. पाहणे आणि नोंद करणे यांत मी तरबेज आहे.

मी कार्डावरून वाचत असे, मान वर न करता. पण चौथ्या रविवारी एका चिडक्या दुकानदाराच्या तोंडून मी न वाचता दोन वाक्ये बोलले आणि तिघींनी टाळ्या वाजवल्या. माटुंगा नियमांची जाणकार झाली. पुस्तक तिने पॉलिसीची बारीक अक्षरे वाचावीत तसे वाचले. ढोलवाली तर आमच्या गटाचा प्राण होती. तिने ढोल वाजवून रानडुकरे पळवली, समुद्रात वाट चुकलेल्या तांडेलिणीला आवाजाने किनाऱ्यावर आणले. माटुंगा टेबलावर दोन्ही हातांनी ठेका धरी, शेजारच्या घरातली म्हातारी खिडकीतून विचारी, "काय गो, कोणाचा लगीन हा?"

आठव्या रविवारी तिघी देवळाशी पोहोचल्या. विहिरींचे रहस्य उलगडणारी किल्ली सभामंडपातल्या घंटेच्या लोलकात होती, हे मीच लिहून ठेवले होते.

"मी चपला काढून आत जाते," गिरगाव म्हणाली.

"मीही," दादर.

मी वाचले: आत थंडावा आहे, तेलाचा वास आहे, वर मोठी घंटा टांगलेली आहे, कोपऱ्यात गुरव दिवा लावतो आहे.

"मग मी पण आले," माटुंगा म्हणाली. ती शेंगदाणे सोलत होती. "ढोल बाहेर ठेवते. जड आहे."

माझ्या हाताखाली दोन कार्डे होती. एकावर गुरवाचा स्वभाव: रूढी काटेकोर पाळतो. दुसऱ्यावर, माझ्याच वळणदार अक्षरात: पायरीपर्यंत.

त्या क्षणी मला प्रथमच ती ओळ वाचता आली. लिहिताना मी ती वाचली नव्हती. काहीही करता आले असते. कार्ड बाजूला सारून, गुरवाने वर पाहिलेच नाही, असे म्हणता आले असते. सूत्रधार मी होते. ते गाव, तो देव, तो दिवासुद्धा माझा होता. पण लिहिलेले मोडण्याची मला सवय नाही, आणि शांतता लांबली की मला घाम फुटतो.

"गुरव दारात येऊन उभा राहतो," मी म्हणाले.

माटुंगाचे हात थांबले. "का?"

मी हाताखालची कार्डे सरळ केली.

"का उभा राहतो? काय म्हणतो तो?"

जगाच्या वतीने बोलण्याची वेळ आली होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मग मी ते केले ज्याची मला आजही लाज वाटते. ते बोलण्यापेक्षा न बोलण्याची सोय मी शोधली.

"फासा टाक," मी म्हणाले.

"कशासाठी?"

"तो आत सोडतो का, ते पाहायला."

दादरने चष्मा काढला. गिरगाव सरबत ओतत होती, तिचे लक्ष नव्हते. माटुंगाने फासा उचलला आणि बोटांत धरून ठेवला.

"किती पडायला हवेत?"

"बारा."

"बारा का? दहा का नाही?"

"मी... अंदाजाने म्हणाले."

"ह्या दोघींनी टाकला का फासा आत जाताना?"

"नाही."

"नाही," तिने माझाच शब्द शांतपणे परत केला. "पुस्तकात काय लिहिलंय? ज्याचा भरवसा नाही, त्याच्यासाठी फासा. म्हणजे ह्या दोघींचा भरवसा होता. माझा नव्हता."

तिने फासा टाकला. तो शेंगदाण्याच्या फोलपटांतून घरंगळत माझ्या कार्डांपाशी येऊन थांबला. एकोणीस.

"अगं एकोणीस!" गिरगाव ओरडली. "सुटलीस! जा आत!"

"हो, सुटले." माटुंगाने ओढणी झटकली, पिशवी खांद्याला लावली. "लालबाग, तुझ्या गुरवाला सांग, मी आभारी आहे."

लाकडी जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. सरबताचे चार पेले भरलेले होते. गिरगाव कधी माझ्याकडे, कधी दादरकडे पाहत राहिली.

"काय झालं? एकोणीस पडले ना? मग?"

दादर हळू आवाजात म्हणाली, "एक जरी पडला असता, तरी एवढंच झालं असतं."

त्या आठवड्यात गटावर कोणी काही लिहिले नाही. गिरगावने मला फोन करून समजूत घातली, "खेळ आहे गं तो, ती ऑफिसचं टेन्शन घेऊन आली असेल." मला ते खरे मानायला फार आवडले असते. मी रोज संध्याकाळी कार्डांचे खोके उघडत असे. गावातल्या प्रत्येक माणसाला मी मान दिला होता. कोणाला नारळ, कोणाला अब्दागीर, कोणाला नुसती सुपारी. एकाच कार्डावर तो मान एका जागी थांबत होता.

आणि मग, ज्याची मला भीती वाटत होती, ते आठवले. आठवले म्हणणेही खोटे आहे. ते कधी विसरले नव्हते.

नववीच्या परीक्षेच्या वेळी ती आमच्या खोलीत अभ्यासाला यायची. आईला ती आवडायची. तिचे गणित पाहून आई मला टोमणे मारायची, तिच्यासाठी मुद्दाम खारी आणून ठेवायची. चहा मात्र तिला निळ्या काठाच्या कपात मिळे. तो कप मांडणीवर नसे. तो खिडकीच्या कट्ट्यावर उपडा असे. चहा पिऊन झाला की ती उठून मोरीत तो कप स्वतः विसळायची आणि तिथेच, कट्ट्यावर, उपडा ठेवायची. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. निदान माझ्यासमोर नाही. मी समोर बसून बीजगणिताची उदाहरणे सोडवत असे.

तिच्या घरी मी नायगावला जात असे. तिच्या आईने केलेली सुक्या बोंबलाची चटणी त्यांच्या ताटात, त्यांच्या पेल्यातले पाणी पिऊन मी अनेकदा खाल्ली. घरी परतल्यावर, भूक का नाही असे आईने विचारले, तर पोट दुखते म्हणून सांगत असे.

मी तिला पत्र लिहिले. तीन मसुदे झाले, शेवटचा चार पानांचा. त्यात कार्डाविषयी, आजोबांविषयी, माझ्या भित्रेपणाविषयी सर्व लिहिले. कपाविषयी लिहिले नाही. तो परिच्छेद दोनदा लिहून दोनदा काढून टाकला. आई आता नाही. तिच्या माघारी तिची तक्रार कशी करायची, असे कारण मी स्वतःला दिले.

तिसऱ्या आठवड्यात तिने भेटायला होकार दिला. माटुंग्याच्या बाजारातल्या एका जुन्या इडलीच्या हॉटेलात, शनिवारी सकाळी. ती आधीच येऊन बसली होती. वेटरने दोन स्टीलच्या पेल्यांतून कॉफी आणून ठेवली. मी पाकीट पुढे केले.

"माफी लिहून आणलीस?"

"हो."

"किती पानं?"

"चार."

"तळटीपा आहेत का?" मला हसू आले नाही, तिलाही नाही. तिने चष्मा लावला आणि दाव्याचे कागद वाचावेत तसे पत्र वाचले, एकेका ओळीखाली नख फिरवत. इडली गार होत गेली.

"'अनवधानाने' तीनदा आलंय," ती म्हणाली. "आमच्याकडे माणूस एकदा 'अनवधानाने' म्हणाला की आम्ही ऐकून घेतो. तीनदा म्हणाला की फाइल बाजूला काढतो."

"मी खरंच विचार केला नव्हता."

"तेच तर. माझ्याबद्दल लिहायला तुला विचार करावा लागला नाही. हात आपोआप चालला." तिने पाने जुळवली. "गिरगाव मठ्ठ आहे, तिचं मला काही वाटत नाही. तिने अजूनही विचारलं असेल, एकोणीस पडले ना म्हणून."

"विचारलं."

"बघ!" क्षणभर ती पूर्वीसारखी हसली, आणि ते हसू मावळताना पाहणे मला फार जड गेले. "पण तू मठ्ठ नाहीस. तू सगळं बघतेस. दुसरीपासून बघतेयस. म्हणून तुझ्यावर राग आहे."

मी पेल्याकडे पाहत राहिले. तिने शेवटचे पान उलटून त्याची पाठ पाहिली. कोरी होती.

"संपलं?"

"हो."

"नीट बघ हं. काही राहिलंय?"

तिचा आवाज सहज होता. डोळे तसे नव्हते. इतके सरळ दार तिने माझ्यासाठी दुसऱ्यांदा उघडले नसते, हे मला तेव्हाच कळले होते.

"नाही," मी म्हणाले.

मग पत्र घडी करून तिने पर्समध्ये ठेवले.

"मला तो ढोल आवडला होता गं," ती म्हणाली. "सात रविवार काय वाजवला! ऑफिसात पण टेबलावर ठेका धरायचे, शिपाई बघायचा." तिने बिल मागवले. "उद्या येते मी. पण सूत्रधार मी. तू खेळायचंस. आणि ते तुझे खोके घरी ठेव."

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा व्हरांड्यात बसलो. गिरगावने सवयीने हात जोडले आणि माटुंगाकडे पाहून खाली घेतले. गाऱ्हाण्याशिवाय आरंभ कसा करायचा, हे तिला सुचेना. ती नुसतीच "बरं, बसा" म्हणाली. माझ्यासमोर कार्ड नव्हते, कागद नव्हता. इतकी रिकामी मी कधीच कुठे बसलेले नाही.

माटुंगाकडेही काही लिहिलेले नव्हते. तिने गिरगावला आणि दादरला सांगितले, "तुम्ही दोघी नंतर याल गोष्टीत. पहिल्यांदा ही एकटी."

मग ती माझ्याकडे वळली.

"दुपार आहे. लालबागमधली चाळ, दुसरा मजला. तू चौदा वर्षांची आहेस. समोर बीजगणिताची वही आहे. आई स्टोव्हजवळ चहा गाळतेय. मांडणीवर चार कप आहेत, सगळे पांढरे. खिडकीच्या कट्ट्यावर एक कप उपडा आहे. निळ्या काठाचा."

गिरगावचा हात वाटीवर तसाच राहिला. या वेळी तिचे लक्ष होते.

"आईचा हात खिडकीकडे चाललाय. दारात तुझी मैत्रीण उभी आहे, दप्तर काखेत. ती सगळं बघतेय, पण ती काही बोलणार नाही. तिला खारी आवडते आणि तुझी आई पण आवडते." तिने श्वास घेतला. "तू काय करतेस?"

माझा हात आपसूक टेबलाच्या मध्यभागी गेला. तिथे फासे होते. तिने त्यांच्यावर तळवा ठेवला.

"फासा नाही," ती म्हणाली. "ह्याला फासा लागत नाही."

मी तोंड उघडले. शब्द आला नाही. वाडीतून कोणी सायकलची घंटी वाजवत गेले. दादरने माझ्या पाठीवर हात ठेवला, तोही मला नकोसा झाला.

"राहू दे आज," माटुंगा शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि दयाही नव्हती. "पुढच्या रविवारी सांग. छत्तीस वर्षं तो कप मी विसळतेय, अजून एक आठवडा विसळीन. पण एक नियम. पन्नास वर्षांच्या बाईचं उत्तर मला नको. चौदा वर्षांचीच राहायचं. आणि आईच्या वतीने मी बोलणार."

"आणि नाही सांगता आलं तर?" गिरगावने विचारले. माझ्या वतीने.

"तर खेळ इथे संपला," माटुंगा म्हणाली.

हा आठवडा मी त्या एका खोलीत राहिले आहे. सोमवारी वाटले, सांगेन की मी तो कप उचलते आणि त्यातला चहा मीच पिते. ऐकायला शूर वाटते. पण मग माझा पांढरा कप तिला आई देईल का, हे आईलाच ठरवायचे राहते, आणि मी पुन्हा एकदा गुरवाच्या आड लपते. बुधवारी वाटले, आईला विचारेन, तो कप वेगळा का? पण उत्तर आईच्या वतीने माटुंगा देणार आहे. तिने ते शब्द कधी ऐकले आहेत का, ऐकले असल्यास कुठे, हे मला माहीत नाही. आणि ते तिच्या तोंडून उच्चारायला मी तिला भाग पाडणार. काल ग्रंथालयात एका कार्डाच्या पाठीवर लिहिले: कप घेते, धुते, मांडणीवर पाचवा म्हणून ठेवते. ते वाचून पाहिले. फार नीटनेटके होते. चौदा वर्षांच्या मुलीचे नव्हते. तालिका करणाऱ्या बाईचे होते, योग्य वस्तू योग्य फळीवर.

खरी चौदा वर्षांची मी काय करते, ते मला ठाऊक आहे. ती मान खाली घालून पुढचे उदाहरण सोडवते. हे उत्तर खरे आहे, आणि ते दिले तर ती उठून जाईल की प्रथमच बसून राहील, याचा मला अंदाज येत नाही. पत्राच्या कोऱ्या पाठीवर तिला कदाचित एवढेच हवे होते. कदाचित याहून पुष्कळ अधिक हवे असेल, आणि ते मागण्याचा तिला हक्क आहे.

आज दुपारी मी ढोलवालीचे कार्ड खोक्यातून काढले. उद्या ते बरोबर नेणार आहे, जरी खोके घरी ठेवायला तिने सांगितले असले तरी. त्यावर काहीही खोडलेले नाही. मला बोलता आले नाही, तर निदान ते माझ्याच अक्षरात तिच्यासमोर ठेवता येईल, अशी एक दुबळी योजना आहे. आणि ती पुन्हा लिखाणाच्याच आड जाणारी आहे, हेही दिसते आहे.

वाचकहो, तुम्हाला मी ओळखत नाही, म्हणूनच विचारण्याचे धाडस करते. तुम्ही चौदा वर्षांचे आहात, आईचा हात खिडकीकडे चालला आहे, आणि मैत्रीण दारात उभी आहे. तुम्ही काय करता?